साखळीवाल्याचा मुलगा

हॅरो कॉलेजच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात साखळी धरणाऱ्यानं टाळी वाजवायची नसते. आपला संघ जिंको नाहीतर मातीत जावो, चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही, असा तिथला दंडक. चेंडू किती पुढं सरकला ते मोजायची दहा यार्डांची साखळी, तिच्या दोन टोकांना दोन काठ्या. एक काठी एमिल हुडाकच्या हातात, दुसरी त्याच्या मेहुण्याच्या, अर्नीच्या. पंच दाखवेल तिथं काठी रोवायची, चेंडू साखळीच्या पुढं गेला की काठी उपटून पुढं पळायचं. पगार नाही, मान मात्र आहे. एमिलनं हे काम धरलं तेव्हा त्याचा टेडी पाळण्यात होता. पुढं तोच टेडी मोठा होऊन याच कॉलेजच्या संघात आला आणि एमिलची पंचाईत झाली. पोटचं पोर समोर धडका देतंय, धडका खातंय, आणि बापानं खांबासारखं उभं राहायचं.

"तुझ्यापेक्षा ती काठी जास्त हलते," अर्नी म्हणायचा.

टेडी संघाचा सेंटर होता. चेंडूवर ओणवं उभं राहायचं, इशारा झाला की दोन पायांमधून चेंडू मागं द्यायचा, आणि देता देताच समोरून येणाऱ्या रेड्याला अंगावर घ्यायचं, हे त्याचं काम. टाळ्या चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिळतात. सेंटरचं नाव लोकांना कळतं ते त्याच्या हातून चूक झाली तरच. टेडीचं नाव चार वर्षांत फारसं कुणी घेतलं नव्हतं, आणि एमिलला त्याचाच अभिमान होता.

ऑक्टोबर सरता सरता परगावच्या एका सामन्यात टेडीच्या हेल्मेटवर समोरच्याचा गुडघा बसला. पडला, उठला, अंगावरची माती झटकली आणि तरातरा चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहिला. त्यांच्याच खांद्यावर हात टाकून, पुढच्या डावाची वाट बघत. लोक हसले. त्या दिवशी एमिल आणि त्याची बायको रोझान प्रेक्षकांत बसले होते. क्षणभर एमिललाही हसू आलं. मग त्यानं मार्लीनला मैदानात जाताना पाहिलं.

मार्लीन फिओरे ही संघाची दुखणीखुपणी बघणारी बाई. पट्ट्या बांधायच्या, बर्फ लावायचा, आणि कोण खेळेल, कोण नाही यावर डॉक्टरच्या जोडीनं नजर ठेवायची. ती पळाली नाही. लग्नातून दारुड्या पाहुण्याला बाहेर न्यावं तसं टेडीचं कोपर धरून तिनं त्याला बाहेर आणलं, आणि पहिलं काम कोणतं केलं, तर त्याचं हेल्मेट काढून घेतलं. तिची ती रीतच होती. 'मी बरा आहे' म्हणणाऱ्या पोरावर ती कधी विश्वास ठेवायची नाही. तिची एक निळी पत्र्याची पेटी होती. हेल्मेट त्या पेटीत, किल्ली तिच्या गळ्यात. हेल्मेट नाही तर मैदान नाही, मग पोरानं कितीही आदळआपट करावी.

"मिस मार्लीन, एक डाव फक्त," टेडी म्हणाला होता.

"आज वार कोणता?"

"सामन्याचा वार."

"बस खाली," ती म्हणाली.

टेडीला पुन्हा खेळायला कधी सोडायचं, ते एका परीक्षेवर ठरायचं. ऑगस्टमध्ये सराव सुरू होण्याआधी प्रत्येक पोराला संगणकासमोर बसवतात. शब्द दाखवतात, थोड्या वेळानं आठवायला लावतात; आकृत्या दाखवतात, रंग बदलला की बटण दाबायला सांगतात. धड डोक्याचं ते माप. पुढं डोक्याला मार बसला, तर तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. ऑगस्टच्या मापाला पोरगा पोचला की बरा झाला.

आणि यातच गोम होती. जुनी पोरं नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात कानमंत्र देत: ऑगस्टमध्ये ठोंब्या व्हा. मुद्दाम चुका करा, बटण उशिरा दाबा. म्हणजे उद्या डोकं आपटलं तरी माप गाठायला अवघड जायचं नाही.

टेडीनं हे घरच्या टेबलावर स्वतः सांगितलं होतं. त्याच ऑगस्टमध्ये, रविवारच्या जेवणाला. पिरोगीची, बटाटा भरलेल्या करंज्यांची, ताटली पुढं ओढत तो म्हणाला, "यंदा तर मी इतकं वाईट केलं की मिस मार्लीननं विचारलं, बाळा, रात्री झोपला होतास का?"

अर्नी टेबलावर हात आपटून हसला. "हुडाकांना मुद्दाम काय करावं लागतं? नेहमीसारखं केलं असतं तरी चाललं असतं."

रोझान हसली. एमिलही हसला. पोरगं हुशार निघालं असंच त्याला वाटलं, दुसरं काही वाटलं नाही.

मार बसल्यावर टेडी वसतिगृह सोडून घरी झोपायला आला. पहिले काही दिवस खोलीचे पडदे ओढून पडून राहिला. मग उठला. मार्लीननं त्याला आधी सायकलवर बसवलं, मग पळवलं, मग नुसता चेंडू मागं द्यायला लावला. दरवेळी ती विचारायची, डोकं दुखतंय का, आणि दरवेळी तो नाही म्हणायचा. शेवटी सरावापुरतं हेल्मेट मिळालं. सराव संपला की हेल्मेट परत पेटीत.

घरी मात्र एमिलला काहीतरी खटकत होतं. बोट ठेवून दाखवता येईल असं नव्हतं. टेडी स्वयंपाकघरात आला की आधी दिवा मालवायचा. डोक्यावरची टोपी घरातही पुढं ओढलेली. बोलता बोलता साधा शब्द अडायचा, आणि अडला की तो चिडायचा. हा पोरगा चिडका कधीच नव्हता.

मग एका रविवारी ते पत्ते खेळायला बसले. हुडाकांच्या घरी जेवणानंतर पिनोकल खेळायची चाल एमिलच्या बापापासूनची. टेडी दहा-अकरा वर्षांचा असल्यापासून त्याच्यासमोर बसायला मोठी माणसं कचरायची, कारण कोणती पानं पडून गेली, कोणाच्या हातात काय उरलं, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. अर्नी त्याला 'मुनीम' म्हणायचा.

खेळ अर्ध्यावर आला असताना टेडी म्हणाला, "इस्पिकची राणी गेली का?"

राणी त्यानं स्वतःच टाकली होती, आत्ताच. त्याच्यासमोरच्या ढिगात ती सगळ्यात वर, तोंड वर करून पडली होती.

"गेली," एमिल म्हणाला.

"हां. गेलीच असणार." टेडीनं ढिगाकडं पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. "लक्ष नव्हतं माझं."

"पोरीबिरीचा विचार चाललाय," अर्नी म्हणाला, आणि लगेच पुढचं पान टाकलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी दुपारी टेडीचा फोन आला. एमिल तेव्हा रस्तेखात्याच्या गॅरेजात होता. हिवाळा तोंडावर आलेला, बर्फ ढकलायच्या गाडीला पातं बसवायचं चाललं होतं.

"डॅड, पास झालो. डॉक्टर व्हिटकॉमनी सही केली. ऑगस्टपेक्षा दोन गुण जास्तच. शनिवारी खेळतोय मी."

"छान," एमिल म्हणाला.

"छान? एवढंच?"

"हातात पाना आहे माझ्या. छान, बाळा. आईला सांगितलंस?"

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पात्याचा एकच बोल्ट आवळत राहिला.

शनिवारचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आईबापांचा हात धरून मैदानात येतात, नावं पुकारतात, आईला फूल देतात. आणि सामना संपला, जिंकला किंवा हरला, की ती पोरं फाटकापाशी जातात. तिथं बंद पडलेल्या खाणीची जुनी घंटा टांगली आहे. एकेकानं पुढं व्हायचं आणि आपल्या हेल्मेटनं घंटेवर एक ठोका द्यायचा. एमिलचा बाप त्याच घंटेच्या ठोक्यावर खाणीत उतरायचा आणि वर यायचा. एमिल स्वतः कॉलेजात गेला नाही. इतकी वर्षं साखळी गुंडाळता गुंडाळता तो दुसऱ्यांच्या पोरांचे ठोके ऐकत आला होता, आणि चार वर्षांपासून मनात एकच ठोका धरून बसला होता.

शुक्रवारी संध्याकाळी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये तळलेल्या माशाचं जेवण असतं. सगळं गाव तिथं लोटतं. एमिल ताट घेऊन रांगेत उभा राहिला तर जो तो पाठीवर थाप मारून जायचा. ऐकलं टेडी खेळतोय. बरं झालं. त्याच्या जागी घेतलेला तो दुसऱ्या वर्षाचा पोरगा चेंडू मागं देतो की मागं फेकतो तेच कळत नाही.

मार्लीन कोबी-नूडल्सच्या पातेल्यापाशी भेटली. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही.

"एमिल, टेडी घरी कसा आहे?"

घरच्यांना विचारल्याशिवाय सामन्यासाठी ती पेटी उघडत नसे, हे एमिलला ठाऊक होतं. कागदावर सही झाली तरी तिचा हा शेवटचा प्रश्न असायचा.

"कसा म्हणजे?"

"म्हणजे झोपतो का. चिडतो का. तुला तो तुझा टेडी वाटतो का."

एमिलच्या ओठांवर ती इस्पिकची राणी आली होती. पण मागून अर्नी आला, दोन्ही हातांत दोन ताटं घेऊन. "घरी? घरी तो आईचं डोकं खातो आणि माझी बिअर पितो. एकदम टेडीच आहे. मार्लीन, त्या पोराला उद्या सोडलं नाहीस तर गाव तुझ्या गाडीची हवा काढेल."

मार्लीननं अर्नीकडं बघितलंच नाही. ती एमिलकडंच बघत होती.

"ठीक आहे तो," एमिल म्हणाला.

तिनं मान हलवली आणि पुढं गेली. टेबलाशी बसल्यावर अर्नी हळू आवाजात म्हणाला, "कळतंय मला तुझ्या पोटात काय आहे ते. एक सामना आहे, एमिल. एक. त्यानंतर तो जन्मात कधी हेल्मेट घालणार नाही. तीन तासांसाठी पोराची चार वर्षं मातीत घालू नकोस."

"आणि काही झालं तर?"

"डॉक्टर शिकलेला माणूस आहे ना? त्यानं सही केली. तू कोण? तू साखळीवाला. साखळीवाल्यानं तोंड उघडायचं नसतं."

बोलणं चुकीचं वाटावं असं नव्हतं. एमिलनं मासा खाल्ला. चव काही लागली नाही.

शनिवारी सकाळी तो खाली आला तेव्हा रोझान भांडी घासत होती. तो कॉफी ओतून घेत तिच्याशेजारी उभा राहिला आणि सहज त्याची नजर सिंकमध्ये गेली. तळाशी एक जाडा टॉवेल अंथरलेला होता. ती पातेलं धुवून त्या टॉवेलवर अलगद टेकवत होती, अंडं ठेवावं तसं.

"हा टॉवेल कशाला?"

रोझानचा हात थांबला. "भांडी वाजतात."

"केव्हापासून घालतेस?"

तिनं पुढचं पातेलं नळाखाली धरलं. एमिलला आता आठवलं, टॉवेल रोजच तिथं होता. पहिल्या आठवड्यापासून. दाराच्या चौकटीलाही तिनं कापडाची पट्टी चिकटवली होती, दार आपटू नये म्हणून. दिवाणखान्यातलं ठोक्याचं घड्याळ बंद पडलंय असं तो समजत होता. ते बंद पडलं नव्हतं, तिनं थांबवलं होतं.

"तो काही म्हणाला का तुला?"

"नाही. भांडं वाजलं की डोळे मिटून घेतो. मी बघितलं." तिनं नळ बंद केला. "मला वाटलं तू बोलशील मार्लीनशी."

"मला वाटलं तू काही बघितलं नाहीस."

"मी रोज रात्री देवाला सांगत होते, त्या परीक्षेत नापास होऊ दे त्याला," रोझान म्हणाली. "आणि मला माहीत होतं तो पास होणार. आपण सगळेच तर हसलो होतो तेव्हा."

एमिलनं कप तसाच ओट्यावर ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

मार्लीनच्या खोलीत औषधी मलमाचा वास भरला होता. दोन पोरं बाकावर पाय सोडून बसली होती आणि ती एकाच्या घोट्याला पट्टी गुंडाळत होती. निळी पेटी कोपऱ्यात होती, कुलूप लावलेली. एमिलचा चेहरा बघून तिनं पोरांना बाहेर पिटाळलं.

"ऑगस्टची परीक्षा खोटी होती," एमिल म्हणाला. उभ्या उभ्या, टोपीही न काढता. "मुद्दाम वाईट दिली होती त्यानं. मला माहीत होतं. आणि तो ठीक नाहीये. दिवा सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, पत्त्यांत स्वतःच टाकलेलं पान विसरतो."

मार्लीन पट्टीचा तुकडा बोटांवर गुंडाळत राहिली. "हे पोरं करतात, हे मला कळतं," ती म्हणाली. "कोण करतो ते पकडता येत नाही. टेडीची मला शंका आली होती. म्हणून काल तुला विचारलं."

"हो."

"काल का नाही बोललास?"

"भ्यालो."

तिनं त्यावर काही टोमणा मारला नाही. "एमिल, पहिला धक्का जिरायच्या आत दुसरा बसला तर तो पहिल्यासारखा नसतो. मेंदू सुजतो. मग माझ्या हातात काही राहत नाही, डॉक्टरच्याही नाही." ती उठली. "डॉक्टर बाहेरच आहेत, त्यांना सांगते. तुझं नाव घ्यायलाच हवं असं नाही. मी म्हणेन, सकाळी तपासताना मलाच काहीतरी वेगळं वाटलं. पोरगा माझ्यावर चिडेल. माझ्यावर चिडलेली पोरं पुष्कळ आहेत."

एमिलला तो मार्ग फार गोड वाटला. कुणाला कळणार नव्हतं. तो साखळीवालाच राहिला असता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"नको," तो म्हणाला. "तू असं म्हणालीस तर तो तुझ्याशी भांडेल, म्हणेल पुन्हा परीक्षा घ्या. पुन्हा त्याच मापाला पास होईल. मीच सांगतो त्याला."

डॉक्टर व्हिटकॉमनी सगळं ऐकून घेतलं. "ज्या मापानं मोजलं तेच खोटं असेल तर माझ्या सहीला काय अर्थ?" ते म्हणाले, आणि तिथंच सही मागं घेतली. कोच ब्रॅनिगन हे शब्दांचे पैसे पडत असल्यासारखे बोलणारे गृहस्थ. त्यांनी एमिलकडं पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सामन्याला दोन तास आहेत, हुडाक. फार लवकर सुचलं तुम्हाला." मग ते दुसऱ्या वर्षाच्या पोराला शोधायला गेले.

टेडी बोगद्यात सापडला, जिथून संघ मैदानात पळत जातो. खांद्यांचं चिलखत चढवलेलं, बूट बांधलेले, डोकं उघडं. हेल्मेट घ्यायलाच निघाला होता.

एमिलनं त्याला सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

टेडी आधी हसला. "तू चेष्टा करतोयस."

"नाही."

"तू सांगितलंस. तू." त्याचा आवाज चढला आणि चढताच त्यानं कपाळावर हात दाबला, मग तो हात पटकन खाली घेतला. "चार वर्षं, डॅड. चार वर्षं मी त्या घंटेसाठी… आणि तू? पास झालो होतो मी."

"तू ऑगस्टच्या ठोंब्याइतका पास झालास, बाळा."

"तू हसला होतास." टेडी आता हळू बोलत होता, आणि ते जास्त लागत होतं. "मी सांगितलं तेव्हा तू हसला होतास. तेव्हा का नाही गेलास मार्लीनकडं?"

"हसलो होतो," एमिल म्हणाला.

"जा, तुझी साखळी धर जा."

सामन्याआधी नावं पुकारली गेली. हुडाक कुटुंब मैदानात आलं. टेडी मध्ये, अंगात जर्सी आणि खाली साधी पँट. एका हातात त्यानं आईचा हात घेतला होता. एमिलच्या बाजूचा हात त्यानं खिशात घातला. रोझानला त्यानं पिवळं शेवंतीचं फूल दिलं, तिच्या गालाला गाल लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हेल्मेट नाही हे सगळ्यांनी पाहिलं होतं आणि पायऱ्यांवर कुजबुज सुरू झाली होती. एमिल तिथून सरळ मैदानाच्या पलीकडच्या बाजूला चालत गेला, साखळीवाल्यांची जागा तिथं होती. अर्नी काठी घेऊन उभा होता.

"केलंस शेवटी," अर्नी म्हणाला. सामना सुरू झाला. साखळीची दोन टोकं धरून दोघं पळत राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या पोरानं जीव तोडून खेळ केला. पण सामन्याच्या शेवटच्या पाव भागात, हॅरोचा संघ तीन गुणांनी पुढं असताना, त्याचा ओला हात निसटला आणि चेंडू मागच्या गड्याच्या डोक्यावरून उडाला. दहा-बारा जण मागं धावले. चेंडू पाहुण्यांनी उचलला, हॅरोच्या गोलरेषेच्या अगदी जवळ. शिट्टी झाली. पंचानं हात केला. एमिलनं आणि अर्नीनं काठ्या उपटल्या आणि साखळी घेऊन मागं पळत गेले, सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर, आणि आपल्याच गोलाच्या तोंडाशी एमिलनं ती काठी रोवली. पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं, "हुडाक, घरी ने ती काठी."

एमिलच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तो समोर बघत होता. समोरच्या कडेला टेडी बाकावर बसला होता, टोपी पुढं ओढून, डोळ्यांवर काळा चष्मा. आभाळ भरून आलं होतं तरीही. गर्दीचा गलका झाला की त्याची मान खाली जायची. तो दुसऱ्या वर्षाचा पोरगा रडत बाहेर आला, तेव्हा टेडीनं त्याला शेजारी बसवून घेतलं आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. सामना संपेपर्यंत तो हात तिथंच होता.

हॅरो हरलं.

लोक पांगले. पोरं फाटकाकडं निघाली. अर्नी साखळी गुंडाळत होता; त्यानं एमिलच्या हातातली काठी काढून घेतली. "दे इकडं. मी ठेवतो," तो म्हणाला, आणि एमिलच्या तोंडाकडं न बघता पुढं म्हणाला, "मला राणी दिसली होती. मीही बघितली होती."

एमिलनं मान हलवली. तो वळला तर टेडी मैदान ओलांडून आला होता, हातभर अंतरावर उभा होता.

"हेल्मेट मार्लीनच्या पेटीत आहे," टेडी दुसरीकडं बघत म्हणाला. "मला नाही देणार ती. तू माग."

एमिल गेला. मार्लीननं गळ्यातली किल्ली काढली. हेल्मेट त्याच्या हातात देताना तिनं क्षणभर सोडलं नाही. "डोक्यावर नाही."

"नाही."

फाटकापाशी घंटेचे ठोके सुरू झाले होते. पोरं एकेक करून पुढं होत होती, ठोका देऊन आईबापांच्या मिठीत जात होती. रोझान हातात ते फूल धरून उभी होती. टेडी मात्र रांगेत नव्हता. तिकिटांच्या खोपटाच्या आडोशाला, घंटेपासून लांब, भिंतीला पाठ लावून थांबला होता. प्रत्येक ठोक्याला त्याचा जबडा आवळला जायचा. शेवटचं पोर गेल्यावर एमिलनं हेल्मेट त्याच्यापुढं धरलं.

टेडीनं ते घेतलं नाही.

"तू वाजव."

"मी? मी या कॉलेजची पायरी नाही चढलो, बाळा. हे तुझं आहे."

"माहीत आहे." टेडीनं चष्मा काढला. डोळे लाल होते, खाली काळी वर्तुळं. "मला नाही सहन होत. तो आवाज. डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. कधी थांबलंच नाही." तो श्वास घ्यायला थांबला. "माझा राग गेलेला नाही. तो वेगळा. पण ठोका पडायला हवा."

एमिल घंटेकडं गेला. त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. टेडीनं दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबून धरले होते, आणि रोझान त्याच्याजवळ जाऊन त्याच्या हातांवर आपले हात ठेवून उभी होती. एमिलनं हेल्मेट उचललं आणि अगदी हलकेच टेकवलं. टॉवेलवर पातेलं टेकवावं तसं. घंटा नीट बोललीच नाही.

"असा नाही," टेडी तिकडून म्हणाला, डोळे मिटूनच. "नीट."

मग एमिलनं खांद्यातून हात मागं नेला आणि ठोका दिला. खाणीवर द्यायचे तसा. आवाज उठला, आणि तो मैदानावर पसरायच्या आत एमिलनं हेल्मेट टाकून दिलं आणि दोन्ही पंजे घंटेच्या गार लोखंडावर दाबून धरले. लोखंड त्याच्या हातांखाली थरथरत राहिलं. ते पुरतं शांत होईपर्यंत त्यानं हात काढले नाहीत.